गाडीवरचं क्रोम ठेवावं की सगळं काळं करून टाकावं?

गडद_निळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. माझी सेडान आठ वर्षांची झाली, रंग गडद निळा, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात आहे. समोरच्या जाळीला क्रोमची चौकट, चारही खिडक्यांभोवती चमकती पट्टी, दारांच्या हँडलवर क्रोम आणि डिकीवर नंबरप्लेटच्या वर एक जाड पट्टा. घेतली तेव्हा त्या चमकीवरच जीव जडला होता.

आता गेल्या दीड-दोन वर्षांत झालंय असं की खिडक्यांच्या पट्ट्या पांढुरक्या पडल्यात, चुन्याचं पाणी ओघळून सुकावं तशा, आणि कितीही घासलं तरी जात नाही. जाळी आणि हँडल मात्र अजून आरशासारखी. डिकीच्या पट्ट्यावर बारीक टिपके आलेत, नखाला लागतात.

घरात आणि मित्रांत सगळे म्हणतायत काळं करून टाक, हल्ली क्रोम कोण ठेवतं. एकजण तर स्प्रेचा डबा घेऊनच आला होता, त्याला थांबवला. मला घाई नाही कारण ही गाडी अजून पाच-सहा वर्षं तरी ठेवणार आहे. रॅप करावं (म्हणजे वर रंगीत फिल्म चिकटवावी), रंग मारावा, की आहे तेच परत नीट करता येतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, फोटो टाकलेत.

वेगवान

काळं कर, बिनधास्त. मी माझ्या पांढऱ्या हॅचबॅकची जाळी, खिडक्यांच्या पट्ट्या, लोगो सगळं ग्लॉस ब्लॅक केलं, गाडी आहे त्यापेक्षा दोन वर्षं नवी वाटायला लागली. आणि हे काही माझ्या एकट्याचं मत नाही, कंपन्याच देतात ना आता, बीएमडब्ल्यूची शॅडो लाइन आहे, मर्सिडीजचं नाइट पॅकेज आहे, रेंज रोव्हरचं ब्लॅक पॅक आहे, आणि लोक वर पैसे भरून घेतात. गडद निळ्यावर काळं म्हणजे तर एकदम भारी दिसेल. लोगोपण कर हां, अर्धवट ठेवू नकोस.

जुनी_मोटार

वेगवान, तुमच्या गाडीचा फोटो पाहिला, पांढऱ्यावर छान दिसतंय, त्यात वाद नाही. पण "हल्ली क्रोम कोण ठेवतं" हे वाक्य मी तीस वर्षांत तीनदा ऐकलंय. जुन्या गाड्या उघडून परत उभ्या करायचं माझं काम, त्यामुळे दर काळातल्या पट्ट्या हाताखालून जातात.

सुरुवातीला गाड्यांवर पितळ होतं, मग निकल आलं. निकल काळवंडायचं, मालकाला सतत पॉलिश करत बसावं लागायचं. १९२०च्या दशकाच्या शेवटी शेवटी निकलवर क्रोमचा थर यायला लागला आणि ती कटकट संपली, म्हणजे क्रोम आलं ते श्रीमंती दाखवायला नाही तर पॉलिशचं काम वाचवायला, हे लोक विसरतात. मग अमेरिकेत जानेवारी १९४२ मध्ये युद्धासाठी धातू लागत होता म्हणून चमकत्या पट्ट्यांवर बंदी आली, शेवटच्या काही आठवड्यांत ज्या गाड्या निघाल्या त्यांच्या पट्ट्या सरळ रंगवलेल्या होत्या, त्यांना ब्लॅकआउट मॉडेल म्हणतात, आणि फेब्रुवारीत नागरी गाड्या बनणंच थांबलं. त्या काळात रंगवलेली पट्टी म्हणजे टंचाईची खूण होती. युद्ध संपल्यावर लोकांनी त्याची पुरेपूर भरपाई केली. १९५८च्या ब्यूइकची जाळी बघा कधी, १६० छोटे क्रोमचे चौकोन आहेत तिच्यात, एकेक वेगळा!

नंतर परत काळं आलं. १९७६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयला चाकांच्या कमानी काळ्या, मागच्या काचेभोवती काळं, जाळीला फक्त एक लाल रेघ, आणि ती गाडी त्यामुळेच वेगळी ओळखू यायची. वायपरच्या दांड्या काळ्या झाल्या त्यामागे तर सुरक्षा होती. अमेरिकेत १९६८ पासून ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरच्या भागांची चकाकी कमी ठेवायचा नियम होता, त्यात वायपरही होते.

तर मालक, फॅशन म्हणून काही करू नका. पट्टी खराब झाली म्हणून करताय, तर आधी ती कशाची आहे ते बघा.

पहाटवेळ

ग्लॉस ब्लॅकबद्दल एक अनुभव. माझ्या गाडीला दोन दारांच्या मधल्या खांबावर काळं चकचकीत प्लास्टिक आहे, पियानो ब्लॅक म्हणतात ते. पहिल्याच महिन्यात कोरड्या फडक्याने धूळ पुसली आणि उन्हात बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. शेजारच्या दाराच्या रंगावर तेवढंच पुसलं होतं, तिथं काहीच दिसत नाही. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. काळं करणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं.

मुलामा

मी प्लेटिंगमधे, म्हणजे धातूचा मुलामा चढवायच्या धंद्यात, बावीस वर्षं आहे. गडद_निळा, तुमचे फोटो मोठे करून बघितले. तुमच्या गाडीवर दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि तुम्ही दोन्हींना क्रोम म्हणताय.

जाळी आणि हँडल हे प्लास्टिकवरचं क्रोम आहे. एबीएस नावाचं प्लास्टिक आम्लात कोरतात, त्यातले रबराचे कण निघून जातात आणि सूक्ष्म खड्डे पडतात, त्यात पॅलेडियम बसवतात, मग विजेशिवाय चढणारा पातळ धातू, त्यावर विजेने तांबं, मग निकलचे दोन-तीन थर आणि सगळ्यात वर क्रोम. हे वरचं क्रोम किती जाड माहितीये? पाव ते अर्धा मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. निकल मात्र दहा ते तीस मायक्रॉन असतं, जी चमक दिसते तिचा पाया निकलचा. क्रोम वरून फक्त पहारा देतं.

डिकीचा पट्टाही तसाच आहे पण तिथं पहारा तुटलाय. क्रोमच्या थराला बारीक छिद्रं आणि भेगा असतातच, त्यातून मीठ आणि ओल आत शिरली की खालचं निकल खायला लागतं, तेच तुमच्या नखाला लागणारे टिपके. मागचा भाग रस्त्याची घाण जास्त खातो म्हणून तिथं आधी येतं.

आणि खिडक्यांच्या पट्ट्या क्रोम नाहीतच! त्या अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत असं मला जवळजवळ नक्की वाटतं. अ‍ॅल्युमिनियमवर विजेने त्याच्याच ऑक्साइडचा कडक पारदर्शक थर वाढवतात, तो काही मायक्रॉनचा असतो. हा थर साध्या पाण्याला, उन्हाला वर्षानुवर्षं दाद देत नाही पण तीव्र अल्कली लागली की विरघळायला लागतो आणि पांढरा पडतो, ओघळासारखा, कारण रसायन ओघळत खाली येतं. एक सांगा, गाडी कशाने धुता?

गडद_निळा (धागाकर्ता)

मुलामा काका, वाचून गप्पच झालो. दोनेक वर्षांपूर्वी धुण्याची जागा बदलली. तिथं आधी गाडीभर एक फेस मारतात, हात न लावता सगळी घाण निघते, मला ते फार आवडायचं. फेस दहा मिनिटं तसाच ठेवतात, उन्हातसुद्धा. आत्ता फोन करून विचारलं तर म्हणाले डीग्रीझर आहे, इंजिन धुवायचा तोच पातळ करून वापरतो.

अ‍ॅल्युमिनियम आहे हे घरी कसं ओळखायचं? चुंबक लावला, चिकटत नाही.

मुलामा

बघा, वेळ जुळली. वेळ जुळली म्हणजे अगदी सिद्ध झालं असं नाही पण इंजिनचा डीग्रीझर बहुतेकदा तीव्र अल्कलीच असतो, तो उन्हात दहा मिनिटं म्हणजे मला आणखी काही शोधावंसं वाटत नाही.

चुंबकाने अर्धंच कळतं. चांगला घट्ट चिकटला तर स्टेनलेस स्टील, पण न चिकटणारं स्टेनलेससुद्धा असतं. मागच्या दाराच्या पट्टीचं टोक बघा, कापलेली कड दिसते तिथं. वजनाला हलकं, कड राखाडी आणि जरा मऊसर दिसणारा धातू असेल तर अ‍ॅल्युमिनियम. पहाटे हात लावा, प्लास्टिक कोमट लागतं, धातू गारठलेला. आणि मुख्य म्हणजे स्टेनलेसला असे पांढरे ओघळ पडत नाहीत.

आता उपाय. धातूचं पॉलिश घेऊन जोर लावून घासलं तर पट्टी परत चमकेल, फोटो काढण्याइतकी सुंदर होईल, पण तुम्ही उरलासुरला ऑक्साइडचा थरही काढलेला असेल. उघडं अ‍ॅल्युमिनियम थोड्या आठवड्यांतच मंद पडायला लागतं, मग परत घासा, वर सीलंट लावा, असं कायमचं मागे लागणं आहे. काहीजण हौसेने करतात. ज्याला ते नको त्याने पट्टी बदलावी नाहीतर झाकावी. म्हणजे तुमच्या मित्रांचा सल्ला खिडक्यांपुरता बरोबर निघाला, जाळी आणि हँडलच्या बाबतीत अजिबात नाही.

आणि तो स्प्रेचा डबा गाडीपासून लांब ठेवा. क्रोमवर रंग धरत नाही, पृष्ठभाग इतका गुळगुळीत आणि निष्क्रिय असतो. नीट सँडिंग करून, धरून ठेवणारा प्रायमर मारून मग रंग आणि वर क्लिअर (पारदर्शक थर), असं केलं तर टिकतं, पण मग परतीचा रस्ता बंद. कुणी पावडर कोटिंग सुचवलं तर तेही प्लास्टिकच्या जाळीला चालणार नाही, भट्टीत दीडशे-दोनशे अंश लागतात आणि एबीएस शंभरच्या आसपासच मऊ पडतं.

खारा_वारा

समुद्राच्या अगदी काठावर राहतो, दोन्ही प्रकार वापरून झालेत. क्रोमला चार वर्षांत टिपके आले. काळ्या गाडीला म्हटलं आता निश्चिंत, तर तिची छतावरची काळी रंगवलेली दांडी खडा लागून टवका उडाला तिथून फुगत गेली. खारट हवेत काळं जास्त टिकतं असं काही नाही, फक्त उशिरा लक्षात येतं. मी आता आठवड्यातून दोनदा नुसत्या साध्या पाण्याने पट्ट्या धुतो आणि महिन्यातून एकदा वॅक्स, त्याने खरंच फरक पडलाय.

मुलामा

बरोबर करताय खारा_वारा, पाणी हेच खरं औषध, मीठ साठू द्यायचं नाही. बर्फाच्या देशांत तर रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात, ते हवेतली ओल ओढून पट्टीवर चिखलासारखं बसतं आणि निकल राहू दे, वरचं क्रोमच खातं. मॉस्कोकडच्या गाड्यांवर हा प्रकार इतका दिसला की आमच्या धंद्यात त्याची वेगळी चाचणी आहे, रशियन चिखलाची म्हणूनच ओळखतात.

ओवी

मी वस्तूंचं डिझाइन शिकवते, गाड्या माझा विषय नाही पण आवड आहे, म्हणून दिसण्याबद्दल लिहिते कारण इथं सगळे टिकण्याबद्दलच बोलतायत.

क्रोमला स्वतःचा रंग नसतो, ते समोर असेल ते दाखवतं. खिडकीखालची गोलसर पट्टी नीट बघा, वरच्या अर्ध्या भागात आकाश असतं, खालच्या भागात रस्ता, आणि मधे क्षितिजाची एक बारीक काळी रेघ. तेवढ्या अरुंद पट्टीत अख्खा परिसर मावतो, म्हणून ती लांबूनही जिवंत दिसते, आणि गाडी चालली की ती रेघ धावते. पडलेल्या उजेडातला साठ टक्क्यांहून जास्त भाग क्रोम परत पाठवतं. ग्लॉस ब्लॅक समोरून चार-पाच टक्केच पाठवतं, त्यामुळे ते चमकतं असं आपण म्हणतो तरी डोळ्याला मुख्यतः खोल काळोख दिसतो.

म्हणून काळी पट्टी काच आणि खांब यांना एकत्र जोडते. बाजूने बघताना खिडक्यांचा सगळा भाग एकच काळा आकार होतो. पांढऱ्या, लाल, पिवळ्या गाडीवर हे फार सुंदर दिसतं, वेगवान यांच्या गाडीवर दिसतंयच. पण अंग आधीच गडद असेल तर काळी पट्टी सरळ नाहीशी होते. खिडकीची रेघ हरवली की गाडी कुठून सुरू होते कुठं संपते हे डोळ्याला सापडत नाही, ती जरा बुटकी आणि जड वाटते. काहींना तोच ठोकळेबाज भाव हवा असतो, तेही चूक नाही. पण गडद निळ्या सेडानचं सगळं सौंदर्य त्या लांब रेघेत असतं असं माझं मत आहे.

गडद_निळा, एक करा. काळी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी आणा आणि एकाच बाजूच्या खिडक्यांवर लावा. दहा-पंधरा पावलं लांब जाऊन बघा, सकाळी बघा, दुपारी बघा, संध्याकाळी दिवे लागल्यावर बघा. नंतर दुसऱ्या बाजूला जाऊन बघा. दोन दिवस ठेवा. जे मत बनेल ते तुमचं असेल, आमच्यापैकी कुणाचं नाही.

वेगवान

ओवी ताई, हे मी आधी वाचलं असतं तर बहिणीच्या काळ्या गाडीला काळं करायला सांगितलं नसतं. तिचं क्रोम काढल्यावर गाडी अंधारात उभी असल्यासारखी वाटते आणि तिलाही आता ते जाणवतं. मी तेव्हा कारण सांगू शकलो नव्हतो. पांढऱ्याला मात्र काळंच, त्यावर मी ठाम.

निवांत

पण मुळात क्रोम विषारी असतं ना? कॅन्सर होतो म्हणून बंदीच येतेय असं वाचलं. मग ठेवायचं तरी कशाला गाडीवर?

मुलामा

निवांत, हा प्रश्न विचारलात बरं झालं, यावर मला लिहायचंच होतं.

गाडीवर बसलेलं क्रोम हा धातू आहे. त्याला हात लावा, पुसा, मूल त्यावर गाल टेकवून उभं राहू दे, काही होत नाही. विष आहे ते टाकीत. परंपरेने क्रोम चढवतात ते क्रोमिक आम्लाच्या द्रावणातून, त्यात सहा संयुजेचं क्रोमियम असतं, प्लास्टिक कोरायलाही तेच वापरत आले. टाकीतून बुडबुडे निघतात आणि त्याचा बारीक तुषार हवेत येतो. तो श्वासात गेला की फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. मी ज्या शॉपमधे उमेदवारी केली तिथल्या दोन जुन्या कामगारांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलेलं होतं. ते म्हणायचे, या कामात होतंच असं. होतंच असं नाही, वर ओढणारा पंखा नीट असेल, टाकीवर फेसाचा थर असेल, मास्क असेल तर होत नाही. ती माणसं आहेत ज्यांच्यामुळे तुमची जाळी चमकते, एवढं लक्षात ठेवलंत तरी मला पुरे.

म्हणूनच नियम आले. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगी असल्याशिवाय क्रोमियम ट्रायऑक्साइड, म्हणजे ज्यापासून ते क्रोमिक आम्ल बनतं तेच, वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ठरवलं की शोभेच्या प्लेटिंगमधून ते १ जानेवारी २०२७ पासून बंद, काही अपवाद सोडून. पण बंद होतेय ती टाकी, चमक बंद होत नाहीये. तीन संयुजेच्या क्रोमियमचं द्रावण आहे, ते खूपच कमी घातक, आम्ही आमच्याकडे त्यावर गेलो त्याला सहा वर्षं झाली. रंगाचा किंचित फरक पडतो, काही द्रावणांतून जरा गडद, धुरकट छटा येते, आणि गंमत म्हणजे आता गिऱ्हाईकच ती गडद छटा मागतं, त्याला डार्क क्रोम म्हणून विकतात. तेव्हा क्रोम की काळं यांच्या मधेही एक जागा आहे, पुढची गाडी घेताना तोही पर्याय बघा.

बारकावे

वर वेगवान यांनी लोगोपण काळा करायला सांगितलंय. थांबा जरा! ज्या गाड्यांना पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल किंवा आपोआप ब्रेक आहे त्यांचा रडार बऱ्याचदा लोगोच्या मागे किंवा जाळीतल्या एका गुळगुळीत चौकोनामागे असतो. ७६-७७ गिगाहर्ट्झवर चालतो, धातूच्या सलग थरातून त्या लहरी जात नाहीत. म्हणून तिथला लोगो दिसायला क्रोमसारखा असला तरी खरं क्रोम नसतो, इंडियमसारख्या धातूचा इतका पातळ, बेटाबेटांचा थर असतो की लहरी आरपार जातात. झाकणाची जाडीही लहरींच्या हिशोबाने ठरवलेली असते. तिथं तुम्ही फिल्म लावली, रंगाचे दोन हात मारले, त्यात धातूची चमक असलेला रंग असला, तर रडारला अंधुक दिसायला लागेल किंवा चुकीच्या जागी दिसेल. इशाऱ्याचा दिवा लागला तर नशीब, न लागता चुकत राहिला तर जास्त वाईट.

गडद_निळा यांच्या गाडीला बहुतेक रडार नसेल पण हा धागा पुढे कुणीही वाचेल म्हणून लिहितोय. रडारच्या झाकणाला हात लावू नका. बंपरमधल्या पार्किंग सेन्सरच्या गोल टिकल्यांवरही रंगाचे थर चढवू नका.

वेगवान

माझ्या गाडीला रडार नाही, मॅन्युअलमधे आत्ता बघून आलो. पण हे खरंच माहीत नव्हतं. लोगोवालं वाक्य मागे घेतो.

चिकटपट्टी

रॅपचं काम करतो, रोज दोन तरी गाड्यांच्या खिडक्या होतात, त्यामुळे थोडं सांगतो.

फिल्म कास्ट (ओतून बनवलेली) घ्या, कॅलेंडर्ड (रोलरमधून लाटलेली) नको. कास्ट पातळ असते, वळणावर बसते आणि परत आकसत नाही. खिडकीच्या पट्टीला दोन कोपरे असे असतात की तिथं ओढावीच लागते, मागच्या दाराचं टोक सगळ्यात अवघड. ओढलेली फिल्म नंतर हीट गनने परत चांगली तापवायची असते म्हणजे ती नवा आकार विसरत नाही, हे न केलेलं काम दोन महिन्यांत कोपऱ्यातून उठतं. नव्वद टक्के तक्रारी माझ्याकडे याच येतात, दुसऱ्यांनी केलेल्या.

लावायच्या आधी मेण, सिलिकॉन सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचं, रबराच्या खाचेतसुद्धा. आणि गाडीवर ब्लेड चालवू देऊ नका कुणाला. कापायची दोऱ्याची टेप मिळते, फिल्मखाली लावायची आणि दोरा ओढला की फिल्म सरळ कापली जाते. ब्लेडचा ओरखडा क्रोमवर पडला तर तिथून ओल शिरणार, रंगावर पडला तर गंज येणार.

डिकीच्या पट्ट्यावर टिपके आहेत म्हणालात ना, त्यावर फिल्म लावायला मी नाही म्हणतो. ग्लॉस फिल्ममधून प्रत्येक टिपका दिसतो, आधीपेक्षा जास्त दिसतो, आणि आत खाणं चालूच राहतं.

आणखी एक. ग्लॉस ब्लॅक फिल्म, ग्लॉस ब्लॅक रंग आणि पियानो ब्लॅक प्लास्टिक तिन्ही शेजारी ठेवली तर तीन वेगळे काळे दिसतात. फिल्मला जवळून संत्र्याच्या सालीसारखा पोत असतो. तुमच्या खांबावर आधीच काळं मॅट असेल तर सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचं, घ्या, ते दोन्हींच्या मधे बसतं, ओरखडेही कमी दिसतात.

पहाटवेळ

आणि ते खरबरीत काळं प्लास्टिक असतं ना, बंपरखाली, कमानींना, त्याचं काय? माझं राखाडी पडलंय.

जुनी_मोटार

उन्हाने वरचा थर मरतो त्याचा. हीट गनने हलकं तापवलं की परत काळं होतं, मी करतो जुन्या गाड्यांवर, पण हे एक-दोनदाच चालतं, दरवेळी प्लास्टिक थोडं ठिसूळ होत जातं. त्यापेक्षा अशा प्लास्टिकसाठीचं कोटिंग मिळतं ते लावा. आणि वॅक्स करताना त्यावर जाऊ देऊ नका, खाचांत पांढरं बसतं आणि निघता निघत नाही.

गडद_निळा (धागाकर्ता)

अपडेट देतो. ओवी ताईंनी सांगितल्याप्रमाणे डाव्या बाजूला काळी टेप लावून दोन दिवस ठेवली. पहिल्या संध्याकाळी डावी बाजूच आवडली, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लांबून येत होतो तर उजव्या बाजूची पट्टी खराब असूनसुद्धा गाडी तिकडून जास्त लांब आणि डौलदार वाटली. तेव्हा कळलं मला काळं नको होतं, मला ते पांढरे ओघळ नको होते.

नवीन पट्ट्यांची चौकशी केली, पुढच्या दोन दारांच्या मिळतायत, मागच्या नाहीत, म्हणजे तो मार्ग बंद. चिकटपट्टी भाऊंना निरोप पाठवला होता, त्यांनी सॅटिन अ‍ॅल्युमिनियमच्या छटेची फिल्म सुचवली, काळी नाही. आरशासारखी चमक येणार नाही पण रेघ राहील. जाळी आणि हँडलला हात लावत नाही. डिकीचा पट्टा नवीन, क्रोमचाच, तो मिळाला. धुण्याची जागा बदलली, आता घरीच साधा शाम्पू आणि दोन बादल्या.

मुलामा

उत्तम. नवीन पट्टा बसवायच्या आधी मागच्या बाजूच्या क्लिपाही बघा, लोखंडी असतील आणि गंजल्या असतील तर बदला, गंजाचं पाणी नव्या क्रोमवर ओघळतं. आणि जुना फेकू नका, मला पाठवता आला तर बघा. नव्या मुलांना टिपके आतून कसे वाढतात ते कापून दाखवायला असा नमुना हवा असतो.

गडद_निळा (धागाकर्ता)

सात महिन्यांनी परत आलोय. फिल्म छान आहे, तीनदा जोरदार पावसात राहिली. फक्त उजव्या मागच्या दाराचं टोक, तेच अवघड म्हणालात ते, तिथं तांदळाच्या दाण्याएवढी कड उठलीय. दाबली की बसते, उन्हात परत उठते. चिकटपट्टी भाऊ, पूर्ण पट्टी परत करावी लागेल का?

चिकटपट्टी

नाही नाही. उठलेल्या भागाखाली बोट घालू नका, धूळ जाते. घेऊन या, कड अल्कोहोलने साफ करून थोडा प्रायमर लावतो, तापवून बसवतो आणि टोकाला एक मिलिमीटर आखूड कापतो, दार उघडताना रबर त्याच जागी घासतंय, फोटोत खूण दिसतेय. पंधरा मिनिटांचं काम आहे.